मोटारीचा दातेरी पट्टा



या मालेत काल उपनिषदांवर व्याख्यान झाले आणि उद्या मराठी रंगभूमीवर व्हावयाचे आहे, असे कार्यक्रमपत्रिकेवरून दिसते. या दोहोंच्या मधल्या संध्याकाळी एका गॅरेजवाल्याला आपल्यापुढे उभे करण्यात चालकांचा काय हेतू असावा, याचा मी बराच विचार केला. श्रोत्यांना एक दिवस विश्रांती मिळावी एवढाच तो असेल, तर माझी त्याला हरकत नाही. पण आपल्यापैकी पुष्कळ जण येथे मोटारीने आले आहेत. मुलांच्या परीक्षा संपल्या आहेत, आणि येत्या पंधरवड्यात याच मोटारी कोकणात, कुलदैवताला आणि लग्नकार्यांना निघतील. तेव्हा त्या मोटारीतल्या एका पट्ट्याविषयी थोडा वेळ बोलणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

आरंभ करण्यापूर्वी मी दोन तुकडे आपल्याकडे पाठवीत आहे. दोन्ही वीतभर लांबीचे आहेत. एकाला लाल दोरा बांधला आहे, दुसऱ्याला पांढरा. दोन्ही मोटारीच्या इंजिनांतून काढलेल्या टायमिंग बेल्टचे आहेत. हातात घ्या, दातांवरून बोट फिरवा आणि शेजाऱ्याकडे द्या. यांतला एक पट्टा काढला तेव्हा धडधाकट होता आणि दुसरा निकामी झालेला होता. कोणता कोणता, हे मनाशी ठरवून ठेवा. शेवटी मी विचारणार आहे.

आता हा पट्टा करतो काय? ज्यांच्या घरी शिवणयंत्र आहे त्यांना ते समजावयास वेळ लागणार नाही. सुई खाली जाते, वर येऊ लागते, आणि नेमक्या त्या क्षणी खालच्या शटलचे टोक येऊन दोऱ्याचा फास उचलते. सुई वरच्या दांड्यावर चालते, शटल खालच्या. दोघांची गाठ ठरल्या वेळी पडली तर टाका बसतो. वेळ चुकली तर टाका सुटतो, आणि फारच चुकली तर सुई मोडते. अमेरिकेत १९४० च्या दशकात जो दातेरी रबरी पट्टा निघाला, तो शिवणयंत्रातील हीच गाठ साधण्यासाठी, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, उपमा मात्र चपखल आहे.

मोटारीच्या इंजिनात खाली क्रँक फिरतो आणि त्याच्या जोरावर पिस्टन खालीवर होतात. वर हेडमध्ये कॅमचा दांडा फिरतो आणि तो व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडतो. पिस्टन खाली जाताना आत हवा घ्यावयाची, वर येताना ती दाबावयाची, मग जाळ, मग धूर बाहेर. या चार फेऱ्यांत क्रँक दोनदा फिरतो आणि कॅम एकदा. म्हणून कॅमच्या चक्राला क्रँकच्या चक्राच्या बरोबर दुप्पट दात असतात. या दोन चक्रांना एकमेकांशी बांधून ठेवणारा तो आपला पट्टा. खेड्यातल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा आपण पाहिला असेल. तो सपाट असतो, ओझे फार झाले तर घसरतो, आणि घसरला तरी पीठ थोडे जाडे येते एवढेच. येथे तसे चालत नाही. येथे पट्टा एक दात जरी सरकला तरी इंजिन ओढ सोडते, थरथरते, सुरू होताना कुरकुरते. दोन-तीन दात सरकला तर पुढे जे होते ते मी सांगणारच आहे.

या पट्ट्याला केवढे काम पडते त्याचा एक हिशेब करू. साधारण मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असताना तिचे इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे करते असे धरा. म्हणजे एका किलोमीटरला अडीच हजार फेरे झाले. साठ हजार किलोमीटरना पंधरा कोटी. तेवढ्या वेळात कॅम साडेसात कोटी वेळा फिरला आणि प्रत्येक झडप साडेसात कोटी वेळा उघडली. हे सगळे एका बोटभर रुंदीच्या रबरी पट्ट्याने, एकदाही न चुकता, करावयाचे. मला तर, इतकी वर्षे या धंद्यात काढूनही, पट्टा तुटतो याचे आश्चर्य वाटत नाही; तो इतके दिवस टिकतो याचे वाटते.

पूर्वी हे काम साखळी करी. आपल्याकडे ज्यांनी प्रीमियर पद्मिनी चालवली, त्यांना या पट्ट्याचे नावही ठाऊक नसे, कारण तिच्यात साखळी होती. दातेरी पट्टा घालून मोठ्या संख्येने बाहेर पडलेली पहिली मोटार म्हणजे जर्मनीतील ग्लास कंपनीची १००४. साल १९६२. ही कंपनी मूळची शेतीची पेरणीयंत्रे करणारी. पुढे १९६६ मध्ये इटलीत औरेलिओ लाम्प्रेदी या अभियंत्याने फियाटसाठी दोन कॅमचे जे इंजिन केले, त्यातही पट्टाच होता, आणि त्यानंतर हा पट्टा जगभर पसरला. कारण उघड आहे. तो हलका, स्वस्त, आवाज न करणारा, आणि त्याला तेल लागत नाही. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरात तो आला तो १९८३ च्या अखेरीस, मारुती ८०० बरोबर. पद्मिनी मूळची फियाटच्याच घराण्यातली. तिकडे इटलीत पट्टा रूढ होऊन गेला आणि इकडे आपली पद्मिनी साखळीवरच राहिली, ही एक गंमतच.

साखळी आणि पट्टा यांत जो खरा फरक आहे तो स्वभावाचा. साखळी कुरकुरणारी असते. ती झिजू लागली, सैल पडली की सकाळी इंजिन सुरू करताच खळखळ करते. मालकाला ऐकू जाते, शेजाऱ्यालाही जाते. साखळी अमर नाही. तेल वेळेवर न बदलल्यास तीही मान टाकते. पण ती बोलून दाखवते. पट्टा बोलत नाही. तो शेवटच्या क्षणापर्यंत गप्प काम करतो आणि पुढच्या क्षणी नसतो.

आता व्हॉल्व्हची आणि पिस्टनची गोष्ट. आजकालच्या बहुतेक इंजिनांत, डीझेलमध्ये तर हटकून, व्हॉल्व्ह उघडून जितका खाली येतो तेवढ्याच जागेत पिस्टन वर येतो. जागा एक, वापरणारे दोघे, आणि पाळी ठरलेली. जुन्या वाड्यात एकच मोरी असली म्हणजे जसे चालते तसे. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो. काही व्हॉल्व्ह उघडेच लोंबत राहतात. क्रँक मात्र लगेच थांबत नाही. चालत्या गाडीचा सारा जोर त्याला फिरवीत असतो. पिस्टन वर येतो आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतो, क्वचित त्याचे डोके तुटून पिस्टनला भोक पडते. हे सारे एका सेकंदाच्या आत होते. काही जुन्या इंजिनांत दोघांच्या मध्ये पुरेसे अंतर राखलेले असे. तेथे पट्टा तुटला तर गाडी नुसती थांबे, नवा पट्टा घातला की चालू. अशा इंजिनांच्या आठवणीवर विसंबून अजूनही काही मिस्त्री "तुटला तर बघू" म्हणतात. मी त्यांना दोष देणार नाही, कारण तसेच काहीसे मीही एकदा म्हटले आहे. ती हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

२००९ सालची गोष्ट. आमच्या गावी एक निवृत्त शिक्षक होते. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे, मीही म्हणे. त्यांनी २००१ मध्ये एक छोटी पेट्रोल मोटार घेतली होती. गाडी जपून वापरलेली, स्वच्छ, दर रविवारी पुसलेली. आठ वर्षांत फक्त अडतीस हजार किलोमीटर. एप्रिलमध्ये ती माझ्याकडे सर्व्हिसिंगला आली. गुरुजी पुस्तिका घेऊन आले होते. म्हणाले, "मिस्त्री, यात टायमिंग बेल्ट साठ हजारांना बदला असे लिहिले आहे. त्यापुढे पाच वर्षे असेही लिहिले आहे. बदलायचा का?" मी वरचे झाकण काढले. बॅटरी लावून पाहिले. पट्टा काळाभोर, दात शाबूत, कडा साफ, एक चीर नाही. मी म्हटले, "गुरुजी, उगाच खर्च कशाला? अजून वर्षभर सहज काढेल." गुरुजींनी मान डोलावली. त्यांचे निवृत्तिवेतन मला ठाऊक होते, आणि त्यांचे चार पैसे वाचवल्याचे समाधानही मला झाले. ते समाधान मी लपवीत नाही.

मेच्या अखेरीस ते कुटुंबासह चिपळूणला निघाले. कुंभार्ली घाट उतरताना, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असताना, इंजिनातून एक खट्‌ आवाज आला. मुलगा चालवीत होता. गाडीला हिसका बसला तसा त्याने सवयीने क्लच दाबला, आणि त्याबरोबर इंजिन साफ बंद पडले. इंजिन बंद पडले म्हणजे काय होते, हे सपाट रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांना कळत नाही. ब्रेकला जी मदत मिळत असते ती एक-दोनदा पाय दाबण्यापुरती उरते, मग ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. स्टीअरिंगही जड होते. ब्रेक नाहीसा होत नाही, पण दोन्ही पायांनी उभे राहून दाबावा लागतो, आणि हे कोणी सांगितलेले नसते. पोराचे डोके शाबूत राहिले. त्याने दरीची बाजू सोडून गाडी डोंगराकडच्या चरात घातली. आजींचा हात मनगटात मोडला. बाकी सगळे वाचले.

गाडी ओढून माझ्याकडेच आणली. हेड उतरवले तेव्हा आठांपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. दुरुस्तीचे पैसे मी घेतले नाहीत. तो प्रश्न नव्हता. गुरुजी दोन दिवसांनी आले, बाकावर बसले, आणि त्यांनी अगदी हळू, वर्गात एखाद्या मुलाला विचारावे तसे विचारले, "मिस्त्री, तुम्ही बघितला होता ना?"

मी बघितला होता. अडचण तीच होती.

तेव्हापासून मी या पट्ट्याविषयी शिकू लागलो, असे म्हटले तरी चालेल. पट्टा रबराचा दिसतो, पण त्याचा जीव रबरात नसतो. त्याच्या पोटात काचेच्या बारीक तंतूंचे पीळ घातलेले दोर लांबीने बसवलेले असतात. ताण सगळा ते दोर घेतात. रबर त्यांना धरून ठेवते, आणि दातांवर नायलॉनचे कापड चढवलेले असते ते झीज सोसते. आता काच ताण सोसते, वाकणे मर्यादेपर्यंत सोसते, पण कोट्यवधी वेळा वाकल्यावर आणि वर्षानुवर्षे उष्णता खाल्ल्यावर तिचे एकेक तंतू तुटू लागतात. ते आत तुटतात. वरचे रबर तसेच काळे, तसेच चकचकीत राहते. पूर्वीच्या पट्ट्यांचे रबर वयाबरोबर चिरा पडून तरी म्हातारपण सांगे. अलीकडच्या पट्ट्यांत जे सुधारलेले, उष्णता सोसणारे रबर वापरतात त्याला चिरा पडावयास फार काळ लागतो. रबर सुधारले, आणि त्यामुळे मिस्त्रीच्या डोळ्यांना मिळणारी खूण गेली.

मग पाहणी करावयाचीच नाही काय? अवश्य करावयाची. पण ती कशासाठी, हे आधी पक्के असावे. पाहणीने पट्टा नापास करता येतो, पास करता येत नाही. मुदत संपण्यापूर्वी काही वाईट दिसले तर पट्टा त्याच दिवशी बदलावा. काही वाईट दिसले नाही तर मुदत होती तेवढीच राहते. एक दिवसानेही वाढत नाही. मी गुरुजींच्या बाबतीत नेमके हेच उलटे केले.

पाहावयाचे ते असे. इंजिन थंड असावे, चावी काढून खिशात असावी. वरचे झाकण काढून क्रँकच्या बोल्टाला पाना लावावा आणि इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने हाताने हळूहळू फिरवावे, म्हणजे पट्ट्याचा प्रत्येक भाग समोरून जातो. कॅमच्या चक्राला पाना लावून कधीही फिरवू नये. दाताच्या मुळाशी चीर आहे का, दात खाल्ला गेला आहे का, कडेचे धागे सुटले आहेत का, पाठ आरशासारखी गुळगुळीत झाली आहे का, हे पाहावे. कड एकाच बाजूने झिजली असेल तर दोष पट्ट्याचा नाही, एखादी पुली तिरकी बसली आहे. आणि बोट लावून वास घ्यावा. तेलाचा वास आला तर पुढचे पाहण्याची गरजच नाही. क्रँकच्या किंवा कॅमच्या ऑईल सीलमधून पाझरलेले तेल रबर फुगवते आणि सडवते. असा पट्टा पुसून परत घालणारे लोक मी पाहिले आहेत. पट्टा पुसला जातो, पण मुरलेले तेल जात नाही, आणि गळती तर तशीच राहते. कूलंटचे डागही तसेच. ते पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवतात.

आपल्या रस्त्यांपुरती एक गोष्ट जोडतो. पट्ट्यावर जे प्लॅस्टिकचे झाकण असते, त्याचा खालचा तुकडा वाटेतल्या दुरुस्तीत मोडतो आणि फेकून दिला जातो. "त्यावाचून काही अडत नाही," असे सांगतात. अडत नाही, धूळ आत जाते. एखादा बारीक खडा पट्टा आणि चक्र यांच्या मध्ये सापडला तर त्या जागी आतले काचेचे तंतू त्याच वेळी तुटतात. पुढे तो पट्टा किती चालेल ते कोणी सांगू शकत नाही.

मुदत किती, हा प्रश्न मला रोज विचारतात. उत्तर एकच नाही. कोणत्या इंजिनाला साठ हजार किलोमीटर, कोणाला लाख, कोणाला दीड लाख. आणि बहुधा सोबत वर्षे दिलेली असतात. जे आधी येईल ते. ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते आणि पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात गाडीच्या कागदपत्रांखाली असते. धूळ, उकाडा, थांबत-थांबत चालणे यासाठी पुस्तिकेत पुष्कळदा निराळी, कमी मुदत दिलेली असते. ती वाचताना 'हे आपल्यासाठी नव्हे' असे समजण्याची रीत आहे. वास्तविक ती आपल्यासाठीच असते. शहरातल्या कोंडीत गाडी अर्धा तास उभी राहते, वातानुकूलन चालू असते, इंजिन मिनिटाला आठशे फेरे करीत राहते, पट्टा फिरतो, आणि किलोमीटरचा आकडा मात्र एकाही घराने पुढे सरकत नाही. टोयोटाच्या काही डीझेल गाड्यांत या पट्ट्यासाठी समोर एक दिवा दिलेला असतो. लोकांना वाटते की तो पट्ट्याची प्रकृती पाहून लागतो. तो दिवा पट्ट्याकडे पाहत नाही. तो अंतर मोजतो आणि ठरल्या अंतराला लागतो. काही हुशार लोक पट्टा न बदलताच तो दिवा मिटवून घेतात. त्यांच्याविषयी काय बोलावे!

जुनी गाडी विकत घेतलीत आणि पट्टा केव्हा बदलला याचा लेखी पुरावा नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरावे. मागच्या मालकाचा शब्द खोटा असतो असे मी म्हणत नाही. पण त्याला बहुतेक वेळा दुसऱ्याच पट्ट्याविषयी सांगावयाचे असते. डायनामो आणि वातानुकूलनाचा बाहेरचा पट्टा बदलला की "बेल्ट नवा आहे" म्हणून तो मोकळा होतो.

आता प्रत्यक्ष बदलण्याविषयी. हे काम घरी करा असा माझा सल्ला नाही, पण आपल्या देखत कसे व्हावे हे प्रत्येक मालकाला ठाऊक असावे. प्रथम बॅटरीची तार काढतात. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते, त्यामुळे एका बाजूचे पुढचे चाक आणि आतले चिखलझाकण काढावे लागते. इंजिनाखाली जॅक आणि मध्ये लाकडाचा ठोकळा देऊन त्या बाजूचे माउंटिंग सोडवतात. बाहेरचे पट्टे आणि क्रँकची पुली उतरवतात. हे सगळे कष्ट केवळ तेथवर पोचण्याचे आहेत. मजुरी जाते ती यातच. म्हणूनच मी सांगतो की एवढे उघडल्यावर नुसता पट्टा बदलू नये. त्याला ताण देणारा टेन्शनर आणि वाटेतली आयडलर पुली, या दोन्हींची बेअरिंगे तेवढीच चाललेली असतात. हाताने फिरवून पाहा. आत वाळू असल्यासारखी खरखर लागली किंवा पुली फारच मोकळेपणाने भिरभिरली, तर आतले ग्रीस संपले आहे. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही याच वेळी. पट्टा नवा, पंप जुना, आणि सहा महिन्यांनी पंप अडकून नव्या पट्ट्याचे दात सोलले गेले, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. मालक मग पट्ट्याच्या कंपनीला शिव्या देतो.

जुना पट्टा काढण्याआधी पहिला पिस्टन माथ्यावर आणून क्रँकच्या आणि कॅमच्या चक्रांवरील खुणा त्यांच्या समोरच्या खुणांशी जुळवून घेतात. येथे घाई नको. क्रँकची खूण आतल्या दातेरी चक्रावरची पाहावी, बाहेरच्या पुलीवरची नव्हे. पुष्कळ पुल्यांत मध्ये रबराची कडी असते आणि जुन्या पुलीत ती सरकलेली असू शकते. मग टेन्शनर ढिला करून पट्टा उतरवावा. त्या क्षणापासून नवा पट्टा चढेपर्यंत क्रँक आणि कॅम, दोघांनाही हात लावू नये.

नवा पट्टा डब्यातून काढला की मिस्त्रीची खरी परीक्षा. त्याला मुडपू नये, पिळू नये, उलटा करू नये, घट्ट गुंडाळी करून खिशात घालू नये, खिळ्याला टांगू नये. का ते आपल्याला आता ठाऊक आहे: आतली काच. पट्टा चढत नसेल तर स्क्रू ड्रायव्हरने रेटू नये. क्रँकपासून सुरुवात करून ताणाची बाजू आधी घट्ट बसवावी आणि सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला आणावा. ताण कंपनीने सांगितला तेवढाच. जुन्या हाताने ताणावयाच्या इंजिनांत, सर्वांत लांब मोकळ्या भागात पट्टा अंगठा आणि बोट यांत धरून पाव वळसा पिळता आला म्हणजे ताण ठीक, असा ठोकताळा होता. आताच्या टेन्शनरवर काटा आणि खूण असते, तेथे ठोकताळ्याने चालत नाही. सैल राहिला तर दात उडी मारतो. फार ताणला तर सनईसारखा आवाज करतो आणि पंपाचे बेअरिंग खातो.

यानंतरची एक कृती अशी आहे की ती आपल्या मिस्त्रीने केली की नाही यावरून मी त्याची किंमत ठरवीन. त्याने क्रँकला पाना लावून इंजिन हाताने पुरते दोन फेरे फिरवले पाहिजे. दोन, कारण क्रँकचे दोन फेरे झाले म्हणजे कॅमचा एक होतो आणि सगळ्या खुणा पुन्हा मूळ जागी येतात. फिरवताना कोठे टणक अडथळा लागला तर तेथेच थांबावे. जोर करू नये. तो व्हॉल्व्ह आहे आणि तो पिस्टनला भेटला आहे. हाताने भेटला तर परत मागे घेता येतो. चावीने भेटला तर हेड उतरवावे लागते. दोन फेऱ्यांनंतर खुणा जुळल्या, ताण पुन्हा पाहिला, बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळले, म्हणजे झाकणे लावावी. आणि झाकणावर रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहावे. वहीत लिहिलेले हरवते.

काही नव्या इंजिनांत हा पट्टा कोरडा नसून इंजिनाच्या तेलातच बुडालेला फिरतो. आपल्याकडे २०१३ साली आलेल्या फोर्डच्या इकोस्पोर्टमध्ये जे एक लिटरचे पेट्रोल इंजिन होते, त्यात अशी व्यवस्था होती. तेथे पट्ट्याचे रबर तेल सोसणारे असते, पण कंपनीने सांगितले तेच तेल, आणि वेळेवर बदललेले. चुकीचे तेल घातले तर पट्टा झडू लागतो, त्याचे कण तेलपंपाच्या जाळीत जाऊन बसतात आणि इंजिन तेलावाचून मरते. हा पट्टा वरून झाकण काढून पाहताही येत नाही. विजेच्या मोटारींत व्हॉल्व्हही नाही आणि कॅमही नाही, त्यामुळे त्यांच्या मालकांनी आजचे व्याख्यान निर्धास्तपणे विसरून जावे. मात्र आपल्या रस्त्यांवर पट्ट्याच्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे धावणार आहेत, आणि त्या जितक्या जुन्या होतील तितक्या हातोहात फिरून, पुस्तिका हरवलेल्या अवस्थेत, गरीब माणसाकडे जातील. माझ्याकडे ज्या फाटलेल्या गाड्या येतात त्यांत टॅक्सी चालवून पोट भरणारे अधिक. त्याला पट्ट्याचे पैसे जड वाटतात हे मला समजते. म्हणून मी त्याला तीन हप्ते करून देतो, पण "अजून चालेल" असे म्हणत नाही.

बरे, ते दोन तुकडे आता कोठवर पोचले? लाल दोऱ्याचा निकामी होता असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावेत. … पुष्कळ आहेत. साहजिक आहे, तो मळकट आहे, धुळीने पांढुरका झाला आहे, त्याच्या पाठीवर ओरखडे आहेत. तो बारा हजार किलोमीटर चाललेला होता आणि पाण्याचा पंप बदलताना काढला. वापरलेला पट्टा परत घालावयाचा नाही म्हणून काढला, एरवी त्यात काहीही वाईट नव्हते. पांढऱ्या दोऱ्याचा, जो आपण सगळ्यांनी काळाभोर आणि नवा म्हणून पुढे दिलात, तो गुरुजींच्या गाडीतला आहे. तुटलेली कड दिसू नये म्हणून मी तो मधूनच कापून आणला.

तो तेवढा जाताना व्यासपीठावर आठवणीने परत द्यावा. माझ्याकडे जूनपासून दोन नवी मुले काम शिकायला येणार आहेत.